मधे कुणी नको

तो आला त्या दिवशी पाऊस पडत होता, आणि तो पाऊस कुणालाच नको होता. सोयाबीन काढून शेतात पडलेलं, दसरा तोंडावर आलेला, आणि आभाळ काही हटायला तयार नाही. पालमच्या बसस्थानकासमोर माझं ऑनलाइन सेंटर आहे. झड आत येत होती म्हणून मी शटर अर्धं खाली ओढलं होतं आणि प्रिंटरवर ताडपत्रीचा तुकडा टाकून बसले होते. शटरखालून आधी चिखलाने भरलेल्या चपला दिसल्या, मग गुडघ्यापर्यंत दुमडलेली पॅन्ट... आणि मग एक वाकलेलं, ठिबकणारं डोकं आत आलं.

"मॅडम, येऊ का?"

मी मान वर केली, त्याला कारण आहे. पालममध्ये मला सगळे ताई म्हणतात. पीकविमा भरायला येणारे म्हातारे ताई म्हणतात, दाखल्याला येणाऱ्या बाया ताई म्हणतात, निवृत्त गुरुजीसुद्धा चंदाताई म्हणतात. माझ्याच वयाचा एक पोरगा सरळ डोळ्यांकडे बघून मॅडम म्हणतो, म्हणजे एक तर तो बाहेरगावचा असणार, नाही तर... जाऊ द्या. मी म्हटलं, "या. पण चपला बाहेर."

त्याने शेळ्यांच्या औषधाच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल काढला, शर्टाला पुसला, शर्ट ओला म्हणून मोबाइल आणखी ओला झाला, मग बिचाऱ्याने तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"आईचं विमानाचं तिकीट काढलंय. नांदेडवरून बंगळूर. पैसे कटले, पण तिकीट आलं न्हाई."

"कुठून काढलं?"

"फोनवरूनच. बंगळूर टाकलं की एक साईट वर आली. स्वस्तात होतं."

"वर आली म्हणून काढलं?"

"वर आली म्हणजे चांगलीच आसंल ना."

"बाजारात सगळ्यात जोरात वरडतंय तेच बकरू घेता का तुमी?"

तो हसला. चूक दाखवल्यावर हसणारी माणसं मला आवडतात, कारण आमच्या सेंटरवर तशी फार येत नाहीत. नाव हरिओम, लोहा रोडला शेळ्यांचा शेड टाकलेला, घरी तो आणि आई. बहीण बंगळूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवासाची मनाई केलेली.

"तिला माहेरी आणता येईना," तो म्हणाला, "म्हणून माहेरच तिकडं पाठवायलोय. पण आईला कंबरेचा त्रास हाय, रेल्वेत बसवत न्हाई. पुढच्या सोमवारचं तिकीट हाय... म्हणजे, हाय का न्हाई तेच कळंना."

मी विमान कंपनीला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की या नावाचं बुकिंग आमच्याकडे नाही, जिथून काढलं त्यांना विचारा. साईटला लावला. ते म्हणाले, आम्ही केलंय, कंपनीने पक्कं केलेलं नाही, कंपनीला विचारा. पुन्हा कंपनी. पुन्हा साईट. शेवटी साईटवाल्यांनी होल्डवर टाकलं आणि एक सतार वाजायला लागली. मधून मधून एक बाई गोड आवाजात सांगायची की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

"ही बाई खरं बोलायलीय का?" हरिओमने विचारलं.

"ती खोटं कशाला बोलंल? ती कुणाशी बोलतच न्हाई."

फोन ठेवला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, म्हणून मोबाइल स्पीकरवर टेबलाच्या मधोमध राहिला. अलीकडे मी, पलीकडे तो, बाहेर पाऊस. दोन माणसं अशी बांधल्यासारखी समोरासमोर बसली की बोलण्यावाचून गत्यंतर नसतं. मी मेंढरंवाल्या येडबाची मुलगी आहे हे कळल्यावर तो खुर्चीत नीट बसला. आमच्या आबांकडून त्याने पोरगा असताना, वडील होते तेव्हा, एक एडका नेला होता म्हणे. एडका फार मारकुटा निघाला, हेही त्याने सांगितलं.

"मग परत कामून न्हाई आणला?"

"वडील म्हणले, तापट हाय पण इमानी हाय. राहू द्या." एवढं बोलून तो माझ्याकडे बघत राहिला. मी की-बोर्ड पुसायला घेतला.

मधेच उठून तो शेजारच्या टपरीवरून चहा घेऊन आला. येताना पाणी पडू नये म्हणून माझ्या ग्लासावर तळहात धरलेला, आणि त्याच्या स्वतःच्या ग्लासात पावसाचं पाणी. त्याने तो तसाच प्यायला. मला ते दिसलं.

सतार थांबली तेव्हा बाहेरचा पाऊसही ओसरला होता. साईटवाल्या माणसाने एकदाचं कबूल केलं की तिकीट झालेलंच नाही, पैसे काही दिवसांनी परत येतील. हरिओमचा चेहरा उतरला.

"आता?"

आता मला जे करायचं होतं ते सोपं होतं. माझ्याकडे एका एजंटचं पोर्टल आहे. त्यावरून तिकीट काढलं की मला कमिशन मिळतं. मी त्याला तेही सांगितलं, आणि हेही सांगितलं की माझ्याकडून काढू नका.

"कामून? तुमच्याकडूनच काढा की. दिवस गेला तुमचा माझ्यापायी."

"आईचा पहिला प्रवास हाय. उद्या विमानाची वेळ बदलली, तर कंपनी एजंटला सांगणार, एजंट मला सांगणार, अन् मी त्या दिवशी दुकान बंद करून लग्नाला गेलेली आसंल तर? भाव बघायला साईट बरी. इकडचं तिकडचं सगळं एका जागी दिसतं. कधी खरंच स्वस्त मिळतं, ते काही खोटं न्हाई. पण अडचणीत कुणाला धरायचं, हे आधी ठरवावं. थेट कंपनीकडून काढा. मधे कुणी नको."

कंपनीच्या साईटवर मी त्यालाच तिकीट काढायला लावलं, त्याच्याच मोबाइलवर. शेळ्यांना औषध पाजणारा त्याचा जाड अंगठा एका वेळी दोन अक्षरं दाबत होता. शेवटी मी बोट पुढे केलं... ते त्याच्या अंगठ्याला लागलं. दोघांनीही मोबाइलकडेच पाहिलं.

"खिडकीची जागा घ्यायची का?" मी विचारलं. आवाज जरा भलताच निघाला.

त्याने आईला फोन लावला. बानूबाई पलीकडून मोठ्याने म्हणाल्या, "खिडकी घे बाबा. पण वारं लागलं तर लावून घेता येती का, ते इचार."

तिकीट आलं. त्याच्या मोबाइलवर, आईच्या नावाने, लगेच. तो पुन्हा पुन्हा आभार मानून गेला आणि मी शटर वर सरकवून रस्त्याकडे बघत बसले. मग लक्षात आलं की मी काय करून बसले आहे. आता त्याला सगळं येत होतं. माझ्याकडे यायचं त्याला काही कारणच उरलं नव्हतं. माझ्या शहाणपणाचा मला जरा रागच आला.

पण तो आला. दुसऱ्याच दिवशी, भली मोठी पिशवी घेऊन. शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर तिचं वजन करायचं होतं म्हणे. आत मेथीचे लाडू, डिंकाचे लाडू, तुपाची बरणी, आणि बाळासाठी कोकराच्या मऊ लोकरीचं छोटंसं घोंगडं. मी ते हातात घेतलं. आमच्याही घरी असं विणतात, पण याचे काठ फारच नीट होते.

"तूप हातातल्या पिशवीत चालत न्हाई," मी सांगितलं. "मोठ्या बॅगेत टाका. घोंगडं हातात राहू द्या."

"हे कंपनीच्या साईटवर लिहिलेलं आसतंय का?"

"आसतंय."

"मी वाचलं व्हतं," तो म्हणाला, आणि पिशवीचं तोंड बांधू लागला.

"मग इचारता कशाला?"

"खात्री केलेली बरी."

त्यानंतर दोन दिवसांनी विमानाची वेळ बदलली. कंपनीने मेसेज पाठवला, थेट त्याच्या मोबाइलवर, अगदी सोप्या शब्दांत. तो घेऊन हा पठ्ठ्या मोटारसायकलवर माझ्याकडे.

"मेसेज तुमाला आला. वाचता तुमाला येतं. मग इथं कामून?"

"तुमी म्हणला व्हता तसंच झालं. ते सांगायला आलो."

"फोनवर सांगायचं."

"तुमचा नंबर कुठं हाय माझ्याकडं?"

बोर्डावर हातभर अक्षरात लिहिलेला आहे. आम्ही दोघांनीही बोर्डाकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. माझ्या गालांना काय झालं ते मला कळत होतं, त्यालाही दिसलं असणार.

बानूबाई उडाल्या. हरिओमने फोटो दाखवला: खिडकीशी बसलेल्या, डोक्यावरून पदर, आणि वारं लागू नये म्हणून तो कानाशी घट्ट धरलेला. आठवड्याने भाची झाली. पेढे आले. दिवाळी आली. दिवाळीत माझी थोरली बहीण निकिता परभणीहून सुटीला आली, ती तिथे नर्सिंग शिकते. दुपारचा डबा घेऊन ती सेंटरवर येऊन बसायची. एकदा तिच्यासमोरच हरिओम आला, ती कोण हे न विचारताच तिला नमस्कार केला, आणि बंगळूरहून परतीचं तिकीट कधी काढलेलं बरं, यावर माझ्याशी बराच वेळ बोलला.

"आई सव्वा महिन्यानं येणार. आत्ता काढू का थांबू?"

"आत्ता काढा. जवळ आलं की महाग होतं."

"काही गोष्टी थांबल्यानं महाग होतात, व्हय ना?"

"तिकिटाचं बोलायलोय आपण."

"मी बी तिकिटाचंच बोलायलोय..."

तो गेल्यावर निकिता डब्याचं झाकण लावत नुसती हसली. मला तो आवडायला लागला होता. लपवून काय करू? मोटारसायकलचा आवाज आला की माझा हात आपोआप केसांकडे जायचा, आणि आवाज दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा निघाला की समोरच्या गिऱ्हाइकावर मी उगाच खेकसायची. एवढं सगळं होत होतं, आणि तोंडाने मात्र आम्ही तिकिटाच्या पुढे जात नव्हतो.

डिसेंबरात बानूबाई परत आल्या, आणि चार-पाच दिवसांनी संध्याकाळी आमच्या घरी रामहरी तात्या आले. तात्या म्हणजे आमच्या भागातले लग्नं जुळवणारे गृहस्थ. पांढरा फेटा, खिशात दोन चष्मे, आणि दोन्हीकडच्यांना एकच वाक्य: पक्कं समजा. मुलाने मुलीच्या बापाकडे सरळ जाऊन बोलायचं, अशी आमच्यात पद्धत नाही. शब्द तात्यांच्या तोंडून जातो आणि तात्यांच्याच तोंडून परत येतो. नकार आला तरी कुणाला कमीपणा नको, म्हणून जुन्या माणसांनी घातलेली ही रीत.

मी चहा ठेवत होते. सुटीच्या दिवसामुळे निकिताही घरीच होती, माझ्याशेजारी भाकरी थापत.

"येडबा, स्थळ आणलंय," तात्या बाहेर म्हणाले. "बानूबाईचा हरिओम. लोहा रोडला शेड हाय. पोरगं निर्व्यसनी हाय. तुमच्या पोरीला मागणी हाय."

माझ्या हातातली चिमट्यात धरलेली पातेली तशीच राहिली. आला तर एकदाचा शब्द... आणि मग तात्या पुढे म्हणाले, "निकिता आता लग्नाची झालीच की."

भाकरी थापणारे हात थांबले. मी पातेली खाली ठेवली, चहा गाळला, ओढणी नीट घेतली आणि चहा नेऊन दिला. आबा म्हणत होते, "पोरगं चांगलं हाय. बघू." आमच्यात बघू म्हणजे हो. परत येताना मला उंबरा दिसला नाही, ठेच लागली. मला फार, फार वाईट वाटलं. राग कुणावर काढावा तेही कळेना. दिवाळीत निकिता तिथे बसलेली होती. तो काय तिला बघायला येत होता? एवढे दिवस मी मधली होते की काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी निकिताला परभणीच्या एसटीत बसवायला मीच गेले. थंडी होती. ती शालीत हात गुंडाळून उभी होती.

"तुला कसा वाटतो तो?" तिने विचारलं.

"चांगला हाय." ते खरं होतं.

"मग तू कामून रडायलीस?"

"मी न्हाई रडायली."

"बरं," निकिता म्हणाली. एसटी लागली आणि ती चढून गेली.

त्या दिवसापासून हरिओमचं येणं बंद झालं. बोलणी सुरू असली की मुलगा मुलीच्या घरच्यांसमोर फिरकत नाही, हीसुद्धा रीतच. पण मला त्याचा अर्थ एकच लागला: काम झालं, आता सेंटर कशाला. तात्या मात्र दोनदा येऊन गेले. तिकडूनही पक्कं, इकडूनही पक्कं. रविवारी बघण्याचा कार्यक्रम ठरला. आई शेवया करायला बसली.

शुक्रवारी एक बाई रडवेल्या होऊन सेंटरवर आल्या. पुतण्याने हैदराबादहून दुबईचं तिकीट कुठल्याशा साईटवरून काढलेलं, नंतर सामान वाढवायचं होतं, आणि साईट म्हणत होती करून देतो, करून देतो. मी वैतागून म्हटलं, "अहो, त्या मधल्याला काय इचारता, थेट कंपनीलाच इचारा की..." आणि गप्प झाले. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांचं काम करून दिलं, शटर ओढलं, आणि लोहा रोडला जाणाऱ्या रिक्षात बसले. आमच्याकडे मुलीने असं उठून मुलाच्या दारात जायचं नसतं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण रविवारी निकिताच्या शेजारी शेवयांची ताटली धरून उभं राहणं मला जमणार नव्हतं, आणि आज नाही विचारलं तर जन्मभर मी तात्यांच्याच शब्दावर राहणार होते.

तो शेडमध्ये एका करडाला मांडीत धरून बाटलीने दूध पाजत होता. मला बघून उठायला गेला, पण करडू बाटली सोडेना, म्हणून तसाच अर्धवट वाकून राहिला.

"मॅडम? तुमी इथं... आत्ता तर यायचं न्हाई ना. रविवारी आमीच येणार हाव."

"त्याच्या आधी एक इचारायचं व्हतं. तुमी निकिताला कधीपासून..." पुढचे शब्द आधी घोटून ठेवले होते, ते सगळे गेले. "म्हणजे तुमाला ती आवडली, तर मला सरळ सांगायचं. मी काय नको म्हणले आसते?"

"कोण निकिता?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "माझी थोरली बहीण. तुमी जिला मागणी घातली ती."

"मी?" त्याने करडू खाली ठेवलं. "मी तर आईला म्हणलं, येडबामामाच्या पोरीला मागणी घालू. आई तात्याला म्हणली, येडबामामाच्या पोरीला. तात्या म्हणले, पक्कं समजा."

"येडबामामाला दोन पोरी हायत."

"मला एकच ठाऊक हाय."

कुणाची चूक म्हणायची? तात्यांचीही नव्हती. आमच्यात थोरली घरात असताना धाकटीचा विषय कुणी काढतच नाही. पोरगी म्हटलं की थोरली, हे तात्यांनी विचारलंही नाही आणि बानूबाईंनी सांगितलंही नाही. हरिओम खाली मातीत बघत होता. मग त्याने मान वर केली.

"मी तुमच्याच तोंडून ऐकलं व्हतं, मधे कुणी नको. तरी बी मी तात्याला पाठवलं. मला भ्या वाटलं. तुमी न्हाई म्हणला तर सेंटरवर तोंड कसं दाखवू... एवढंच." त्याचा आवाज अगदी हळू झाला. "मला तुमीच पाहिजेत, चंदा. पहिल्या दिवसापास्नं. तिकीट, वजन, मेसेज, ते सगळं नुसतं निमित्त व्हतं."

"ते मला ठाऊक हाय," मी म्हटलं. खरं तर मला ठाऊक नव्हतं, नुसती आशा होती. एवढे दिवस छातीवर बसलेलं काही तरी उठून गेलं आणि मी तिथेच गव्हाणीच्या कठड्यावर टेकले. "मला बी तुमीच पाहिजेत."

त्याला हसावं की काय करावं कळेना. करडू त्याची पॅन्ट चावत होतं.

"आता रविवारचं रद्द कसं करायचं?" त्याने विचारलं.

हा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. थोरलीला मागणी घालून ती काढून घ्यायची आणि धाकटीला घालायची, म्हणजे निकिताच्या माथी खोट. आबांनी दोन्हीला नाही म्हटलं असतं, आणि त्यांचं बरोबरच असतं. हे तात्यांच्या हाती देण्याचं काम नव्हतं.

"चला," मी म्हटलं. "आबा रानात हायत."

कापूस वेचून झालेल्या रानात आबांनी मेंढरं सोडली होती. बांधावर बसून ते घोंगडीच्या दशा वळत होते. आम्हा दोघांना एकत्र येताना बघून त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं, पण उठले नाहीत. हरिओम त्यांच्या पाया पडला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कुठे अडखळला, कुठे तेच दोनदा म्हणाला. तात्यांना दोष दिला नाही. चूक माझी, मी स्वतः यायला पाहिजे होतं, एवढं मात्र स्पष्ट बोलला. मी बाजूला उभी राहून मेंढरांकडे बघत होते, पण एकही मेंढरू दिसत नव्हतं.

आबांनी घोंगडी पुन्हा मांडीवर ओढली. मग म्हणाले, "थोरली हाय घरात. तिचं शिक्षण व्हायचंय, मग तिचं लगीन, मग हिचं. दोन-तीन वर्सं. थांबशील?"

"थांबतो, मामा," हरिओम म्हणाला. लगेच म्हणाला.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "अन् तू?"

मला हो म्हणायचं होतं. शहाण्या मुलीने तेच म्हटलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "मला थांबायचं न्हाई, आबा."

हरिओमने चमकून माझ्याकडे पाहिलं. आबांचा चेहरा हलला नाही.

"थोरलीला इचारलंस?"

"न्हाई."

"मग लाव फोन."

निकिता वसतिगृहावर होती. मी स्पीकर चालू केला. जे झालं ते मी सांगितलं, कुठेही न झाकता, आणि शेवटी विचारलं की तुझ्याआधी माझं झालं तर तुला चालेल का.

"चंदे," निकिता म्हणाली, "मला या घरात कुणी काय इचारल्याची ही पहिलीच वेळ हाय. तात्या आले, आबा बघू म्हणले, माय शेवया करायला बसली. मला परीक्षा द्यायचीय, मग नोकरी करायचीय. त्या पोराला मी एकदा पाहिलं, तर तो तुझ्याकडंच बघत व्हता. खुशाल करा. फक्त परीक्षेच्या दिवसांत तारीख धरू नका, मला नाचायचंय."

"अन् लोकं?" आबांनी वाकून मोबाइलला विचारलं. "थोरलीत खोट हाय म्हणतील."

"त्यांना माझ्याकडं पाठवा, आबा. इंजेक्शन देते."

फोन ठेवला. आबांनी पटका काढला आणि तोंड पुसलं. तोंड पुसून झाल्यावरही पटका तसाच डोळ्यांपाशी धरून ठेवला.

"माझ्या दोन पोरी," ते म्हणाले. "मेंढरू इकताना मी गिऱ्हाईक कसं हाय ते चार डाव इचारतो. अन् ह्या दोघींना आज पहिल्यांदा इचारलं."

मी त्यांच्याजवळ बांधावर बसले. त्यांचा हात धरला. लहानपणानंतर तो मी कधी धरला नव्हता.

थोड्या वेळाने ते हरिओमला म्हणाले, "रविवारी या. बानूबाईला सांग, धाकटीला बघायला यायचंय. तात्याला कोण सांगणार, मी का तू?"

"मी जातो, मामा."

"जा. त्याला बी बोलव. जुना माणूस हाय, वाईट वाटंल."

हरिओम निघाला. दोन पावलं गेला, थांबला, वळून आबांच्या देखत माझ्याकडे पाहिलं. आबा घोंगडीच्या दशांकडे बघत होते, फार लक्ष देऊन. मी मान खाली घातली नाही.